लेकीचा कागद अडकलाय, मग पुढचा अर्ज करावा का?

आम्ही माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. याआधी याच रेडिओवर आम्ही शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो, रेशनकार्डाबद्दलही बोललो होतो. आज बोलणार आहोत अमेरिकेच्या कागदांबद्दल. हसू नका. आमच्या गटातल्या एका मावशींची लेक तिकडे नांदते आणि तिच्या कागदांचा घोर गेले सहा महिने आम्हा सगळ्यांनाच लागलेला आहे. तुमच्याही गावची एखादी लेक तिकडे दिली असेल. तिच्या आईला हे ऐकवा.

गोष्ट सुरू झाली गेल्या श्रावणात. मावशी गोठ्यात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याला ऑपरेशन झालं. लेक धावत आली ती गणपतीच्या आधी. आम्हाला वाटलं, आता दोन-तीन महिने तरी राहील, आईला चालती करून जाईल. पण आल्या दिवशीच ती म्हणाली, "मला तीनच आठवडे राहता येईल. माझा कागद अजून झालेला नाही. जास्त राहायची भीती वाटते."

आम्हाला आधी पटेना. पासपोर्ट भारताचा, माहेर भारतात, आई अंथरुणात, मग राहायला भीती कसली? तेव्हा तिनं पिशवीतून कागद काढले आणि समाजमंदिरात सतरंजीवर एकेक पसरून आम्हाला समजावून सांगितलं. ते आम्ही जसं समजून घेतलं तसंच तुम्हाला सांगतो.

तिचे यजमान अमेरिकेचे नागरिक आहेत. घर मूळचं आपल्याकडचंच. लग्न २०२१ च्या फेब्रुवारीत झालं आणि ती तिकडे पोचली २०२२ च्या जूनमध्ये. तिकडे कायम राहायला जे कार्ड मिळतं त्याला ग्रीन कार्ड म्हणतात. पण ज्या दिवशी तो हक्क मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील, तर मिळतं ते अटीचं कार्ड. त्याची मुदत दोनच वर्षं. खोटी लग्नं लावून लोक तिथं शिरतात, असं म्हणून १९८६ मध्ये तिथं तसा कायदा झाला. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोनं मिळून आणखी एक अर्ज करायचा. त्याला आय-७५१ म्हणतात. त्यात आमचा संसार खरा आहे हे दाखवायचं. बँकेचं एकत्र खातं, घरभाड्याचा करार, आयकराचे कागद, विमा, दोघांचे फोटो, असं सगळं जोडायचं. अर्ज मंजूर झाला की अट जाते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं.

हिनं तो अर्ज २०२४ च्या एप्रिलमध्ये केला. अर्ज पोचल्याचं पत्र आलं आणि त्या पत्रानं जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढली. २०२३ च्या जानेवारीपासून तसा नियम आहे. म्हणजे कार्डावर लिहिलंय मुदत संपली, आणि शेजारचं पत्र म्हणतंय संपलेली नाही. दोन्ही मिळून ती तिथं राहू शकते, काम करू शकते, बाहेर जाऊन परत येऊ शकते. हक्कात काही कमी नाही. पण मुंबईला विमानात बसताना तिथला माणूस ते पत्र उलटून पालटून बघतो, साहेबाला बोलावतो, आणि हिच्या पोटात गोळा येतो.

आमच्यातल्या एकीनं लगेच ओळखलं. ती म्हणाली, "हे तर आपल्या रेशनकार्डासारखं झालं. माहेरच्या कार्डावरनं नाव कमी केलं, आणि सासरच्या कार्डावर चढायला दीड वर्ष लागलं. मधल्या काळात आपण कुठल्याच घरच्या न्हवतो." लेक हसली. म्हणाली, "काकू, अगदी तसंच नाही. माझं नाव अजून दोन्हीकडं आहे. फक्त दोन्हीकडं कुणी विचारलं की मला पत्र दाखवावं लागतं."

आता तिची खरी अडचण. तिथल्या कायद्याप्रमाणे कायम वास्तव्याला साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण नवरा तिथला नागरिक असेल, तोही किमान तीन वर्षं नागरिक असेल, आणि दोघं एकत्र नांदत असतील, तर तीन वर्षांनी करता येतो. अटीच्या कार्डाची दोन वर्षंही या तीन वर्षांत धरतात. म्हणजे तिची तीन वर्षं २०२५ च्या जूनमध्येच भरली होती. नागरिकत्वाचा अर्ज, त्याला एन-४०० म्हणतात, ती करू शकत होती. पण आधीचा कागद अडकलेला. तिला दोन्ही बाजूंनी सल्ले मिळत होते. कुणी म्हणे, आधीचं निकालात निघू दे, उगाच दुसरी फाईल काढून लक्ष कशाला वेधून घेतेस? कुणी म्हणे, अर्ज कर, मग दोन्ही फायली एकदम हलतील. आणि मावशी म्हणत होत्या, "तू आपला देशच सोडणार व्हय गं?"

आम्ही ठरवलं, सल्ले बाजूला ठेवू आणि एकेक प्रश्न घेऊन त्याचं खरं उत्तर शोधू. तिनं तिकडच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात आधी विचारून ठेवलं होतं. इथल्या प्रश्नांसाठी आम्ही तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाईंकडे गेलो. ही गोष्ट लक्षात ठेवा. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. आम्ही चौघीजणी वडापनं गेलो, खर्च आला तो भाड्याचा आणि चहाचा.

पहिला प्रश्न. आधीचा कागद अडकलेला असताना नवा अर्ज चालतो का? चालतो. पण आय-७५१ चा निकाल लागल्याशिवाय नागरिकत्व मंजूर होत नाही. म्हणून पुष्कळदा नागरिकत्वाच्या मुलाखतीला बोलावतात तेव्हा दोन्ही फायली एकाच साहेबापुढे येतात आणि दोन्हींचे प्रश्न एकाच दिवशी विचारतात. त्यामुळे अडकलेला कागद सुटायला मदत होते हे खरं. पण तो सुटेलच आणि अमुक महिन्यांतच सुटेल, असं वचन कुणी देत नाही. मुलाखत झाल्यावर १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर मात्र तिथल्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. मुलाखत होण्याआधी हा उपाय लागू होत नाही.

दुसरा प्रश्न. अर्ज केल्यानं काही धोका आहे का? आहे. नागरिकत्वाचा अर्ज केला की पहिल्या दिवसापासूनची सगळी फाईल पुन्हा उघडतात. कर भरला का, कधी अटक झाली का, आधीच्या अर्जात काही खोटं लिहिलं होतं का, किती दिवस देशाबाहेर होतात, हे सगळं बघतात. जिच्या फाईलमध्ये असं काही असेल, तिनं वकिलाला दाखवल्याशिवाय अर्ज करू नये. नागरिकत्व तर मिळत नाहीच, उलट असलेलं कार्डही धोक्यात येऊ शकतं. आमच्या लेकीच्या फाईलमध्ये तसं काही नव्हतं. तरी आम्ही तिला तिच्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखा लिहायला लावल्या. तीन वर्षांत १८ महिने तरी प्रत्यक्ष तिथं राहिलेलं असावं लागतं. तिचे त्याहून कितीतरी जास्त भरले.

तिसरा प्रश्न पैशाचा. २०२४ च्या १ एप्रिलपासून या अर्जाची फी ७६० डॉलर आहे, संगणकावरून भरला तर ७१०. म्हणजे आपले साठ हजारांच्या वर. घरचं उत्पन्न कमी असेल तर ३८० डॉलरमध्येही होतं, पण त्याची अट वेगळी आहे. अर्ज नामंजूर झाला तर पैसे परत येत नाहीत. मावशी म्हणाल्या, "एवढ्यात तर एक चांगली गाय आली असती." खरं आहे. म्हणून वाट चुकली तर साठ हजार गेले, हे धरूनच विचार करायचा.

चौथा प्रश्न आमच्यातल्या एका वयस्कर काकूंनी विचारला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा निघाला. त्या म्हणाल्या, "पत्रं येतात ती कुणाच्या हातात? आणि तो संगणकावरचा खात्याचा शब्द काय म्हणतात तो, पासवर्ड, तो कुणाला ठाऊक?" लेक जरा गप्प झाली. मग म्हणाली, "त्यांच्याकडं आहे. तेच बघतात सगळं." तिचे यजमान भले गृहस्थ आहेत, त्यात शंका नाही. पण आय-७५१ च्या अर्जावर नवऱ्याची सही लागते, आणि तीन वर्षांची वाट उघडते तीही नवऱ्याच्या नागरिकत्वामुळं. लग्न शपथेच्या दिवसापर्यंत टिकलेलं असावं लागतं. मधेच घटस्फोट झाला किंवा नवरा वारला, तर ही वाट बंद होते आणि मग पाच वर्षं भरावी लागतात. एवढं सगळं ज्याच्यावर टांगलेलं आहे, त्याच्या कागदाची एक प्रत तरी बाईच्या स्वतःच्या हातात असायला नको?

इथं आम्ही थोडं थांबून बोलतो, कारण ऐकणाऱ्यांत कुणाची तरी लेक त्रासात असू शकते. नवऱ्यानं मारलं, छळलं, किंवा लग्न खरं असूनही मोडलं, तर आय-७५१ चा अर्ज बाई एकटीही करू शकते. नवऱ्याची सही लागत नाही. लग्न खरं होतं आणि छळ झाला, हे दाखवावं लागतं. "माझ्या सहीशिवाय तू इथं राहू शकत नाहीस" असं कुणी धमकावत असेल, तर ते खरं नाही. लेकीला एवढं एक वाक्य फोनवर सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

आमच्या लेकीनं त्याच रात्री यजमानांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, तू कधी विचारलंच नाहीस." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या नावानं खातं उघडलं, पत्रांच्या प्रती आपल्या फोनवर घेतल्या, आणि एक संच छापून आईच्या ट्रंकेत ठेवला. तिच्या जन्मदाखल्याच्या आणि शाळेच्या दाखल्याच्या शेजारीच.

पाचवा प्रश्न मावशींचा, देश सोडण्याचा. भारत दोन देशांचं नागरिकत्व मान्य करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे आपल्या मर्जीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. पण ते जातं कधी? अर्ज केल्यावर नाही, मुलाखत झाल्यावरही नाही. तिथली शपथ घेतली, त्या दिवशी. तोवर ती भारताचीच नागरिक. मधे मन बदललं तर अर्ज मागेही घेता येतो. म्हणजे अर्ज भरणं आणि नागरिकत्व बदलणं या दोन वेगळ्या वेळच्या दोन गोष्टी आहेत. हे कळल्यावर मावशींना जरा हायसं वाटलं.

शपथेनंतर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. तो जवळ ठेवून वापरणं गुन्हा आहे. मग भारताच्या परदेशस्थ नागरिकांचं कार्ड काढता येतं, त्याला ओसीआय कार्ड म्हणतात. नावात नागरिक असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर कितीही वेळा भारतात येता येतं आणि कितीही दिवस राहता येतं, पोलिसांत नोंद करावी लागत नाही. मात्र मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

मताचं ऐकून आमच्या गटातल्या माजी सरपंच ताई गप्प झाल्या. त्या म्हणाल्या, "ह्या पोरीनं पहिलं मत मला दिलं होतं. एका मताची किंमत मला विचारा, मी सात मतांनी निवडून आले." परदेशात राहणाऱ्या पण भारताचा पासपोर्ट असलेल्या माणसाला २०१० च्या दुरुस्तीनंतर गावच्या विधानसभा-लोकसभा यादीत नाव ठेवता येतं, मात्र मत द्यायला इथं यावं लागतं. नागरिकत्व बदललं की तेही गेलं. हे नुकसान खरं आहे. आम्ही त्याची समजूत घालायला गेलो नाही. तिनं ते हिशेबात नुकसान म्हणूनच मांडलं.

आणि त्याच हिशेबात दुसऱ्या बाजूला हे आलं. ग्रीन कार्डवाली बाई सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिली की नागरिकत्वाच्या अर्जाला प्रश्न उभे राहतात. वर्ष उलटलं आणि आधी परवानगी काढलेली नसली, तर कार्डच धोक्यात. म्हणून ही तीन आठवड्यांत परत निघाली होती. नोकरीची रजा संपत होती हेही होतं, पण रजा मागून वाढली असती. तिथली नागरिक झाल्यावर, हातात ओसीआय कार्ड घेऊन, ती आईजवळ सहा महिने राहो की दोन वर्षं, कार्ड जाण्याची भीती नाही. मावशींना हे समजायला वेळ लागला. "म्हंजी भारताचा पासपोर्ट हाय म्हणून तुला जावं लागतंय, आन् तो नसला की ऱ्हाता येतंय? हे कसलं गं उलटं?" उलटं आहे खरं. पण कायदा तसाच आहे.

आणखी एक. नागरिक झालेल्या, एकवीस वर्षांवरच्या लेकीला आई-वडलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. नुसत्या ग्रीन कार्डावर आई-वडलांसाठी करता येत नाही. हे लेकीनं हळूच सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मला कुठं जायचंय म्हशी सोडून?" विषय तिथंच संपला. पण तो रस्ता आहे, एवढं माहीत असलेलं बरं.

आता सहावा प्रश्न, जमिनीचा. यावर मात्र गावात फार बोलणी झाली.

मावशींचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. चार एकर जिरायत आणि एक विहीर. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तीन नावं लागली: मावशी, मुलगा आणि लेक. मुलगाच जमीन कसतो. गणपतीत कुणीतरी त्याच्या कानात घातलं, की तुझी बहीण अमेरिकन झाली की सरकार तिचा हिस्सा जप्त करंल, त्याआधी हक्कसोडपत्र करून घे. बिचारा घाबरला. गौरीच्या जेवणाच्या दिवशी स्टँपपेपर घेऊनच आला. बहीण सही करायला तयारही झाली. तिला वाटलं, भावाचं नुकसान नको.

मावशीच खाटेवरून म्हणाल्या, "थांबा. आधी विचारून या."

वकीलबाईंनी जे सांगितलं ते नीट ऐका. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ मध्येच, तेव्हा लग्न न झालेल्या लेकींसाठी, तसा कायदा झाला होता. २००५ ला बाप हयात असला पाहिजे असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि नागरिकत्व बदललं म्हणून वारसा जात नाही. आधी नावावर आलेली जमीन राहते. ओसीआय कार्ड असलेल्या लेकीला पुढेही इथं राहणाऱ्या आईची शेतजमीन वारसाहक्कानं मिळू शकते. बंदी आहे ती शेतजमीन विकत घ्यायला आणि बक्षीसपत्रानं घ्यायला. गंमत म्हणजे ही बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही आहे. म्हणजे आमच्या लेकीला ती आजही लागू आहे. तिला आपला हिस्सा पुढे कधी विकायचा झाला, तर तो भारतात राहणाऱ्या इथल्या शेतकऱ्यालाच विकता येईल. पण सरकार जप्त करेल, हे नुसतं भ्यावणं.

हक्कसोडपत्र कुणी आपल्या राजीखुशीनं करत असेल तर तो तिचा प्रश्न. पण नागरिकत्वाची भीती घालून कुणी सही मागत असेल, तर सही करू नका. भावाला हे समजल्यावर तोच ओशाळला. स्टँपपेपर त्यानं परत नेला. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत तशीच आहेत, आणि जमीन तोच कसतोय. बहीण-भावात वितुष्ट आलं नाही. येता येता राहिलं, असं म्हणा.

सगळे प्रश्न झाले. मग आम्ही तिला सांगितलं का, की अर्ज कर? नाही सांगितलं. आमच्यातही दोन मतं होती. सरपंच ताईंना वाटत होतं की आधी दहा वर्षांचं कार्ड हातात येऊ दे, मग दोन वर्षांनी सावकाश ठरव. तेही चुकीचं नव्हतं. ४८ महिन्यांची मुदत २०२८ पर्यंत आहे, कुणी तिला हाकलत नव्हतं. पण त्यात आईची दोन वर्षं जात होती. दुसऱ्या दोघी म्हणत होत्या, कागद त्यांनी अडकवलाय, आपण का अडकून बसायचं? आम्ही एवढंच ठरवलं, की निर्णय तिचा. मात्र तो कुणाच्या घाईनं नको, कुणाच्या भीतीनं नको, आणि नुसता कागद अडकलाय म्हणून पुढं ढकललेलाही नको. वाट बघायची असेल तर तीही ठरवून बघायची. किती महिने, आणि त्यानंतर काय, हे लिहून ठेवायचं.

ती तीन आठवड्यांनी गेली. जाताना मावशींच्या काठीला खाली रबर लावून गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला. यजमानांशी बोलली, तिकडच्या सल्ला केंद्रात फाईल पुन्हा एकदा दाखवली, आणि अर्ज केला. स्वतः भरला, स्वतःच्या खात्यातून फी दिली. मावशींनी फोनवर विचारलं, "मग आता तू त्यांची झालीस का?" ती म्हणाली, "अजून नाही आई. अजून बोलावणं यायचंय." मावशी म्हणाल्या, "बरं. तवर मी चालायला शिकते."

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं तेव्हा मावशी काठी टेकत स्वतः समाजमंदिरात आल्या. लेकीला मुलाखतीचं बोलावणं अजून आलेलं नाही. आय-७५१ ही तसाच पडून आहे. अर्ज केला म्हणून जादू झाली, असं आम्ही सांगणार नाही. ती संध्याकाळी कामावरून आली की परीक्षेचा अभ्यास करते. तिथल्या राज्यकारभाराचे शंभर प्रश्न असतात, मुलाखतीत त्यातले दहापर्यंत विचारतात, सहा बरोबर यावे लागतात. तिनं अर्ज आधी केला म्हणून तिला ही परीक्षा. २०२५ च्या २० ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांना नवी परीक्षा आहे, १२८ प्रश्नांची. त्यातले वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर लागतात. तुमच्या लेकी आता अर्ज करणार असतील तर त्यांना हे सांगा.

शेवटी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. ज्यांची लेक परदेशात आहे त्यांनी या लिहून घ्या.

एक. तिच्या कार्डाची, पासपोर्टची आणि आलेल्या प्रत्येक पत्राची प्रत तिच्या स्वतःकडे आहे का, विचारा. एक संच माहेरी ठेवा.

दोन. कार्डाची मुदत कधी संपते, पुढचा अर्ज कधीपासून करता येतो, आणि ती किती दिवस बाहेर राहू शकते, या तीन तारखा तिला पाठ पाहिजेत. नवऱ्याला पाठ असून भागत नाही.

तीन. अर्ज भरून देतो म्हणणारा एजंट, मग तो आपला मराठी माणूस का असेना, वकील नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. तिकडे वकील असतात, आणि सरकारनं मान्यता दिलेले मदतनीसही असतात. मोफत किंवा कमी पैशात सल्ला देणाऱ्या संस्था असतात. तिनं त्या शोधाव्यात.

चार. सातबारा काढून बघा. लेकीचं नाव आहे का? नसेल तर का नाही? परदेशातल्या लेकीचंच नव्हे, शेजारच्या गावात दिलेल्या लेकीचंही बघा. आणि स्वतःचंही.

हा चौथा मुद्दा आम्ही आमच्या गटात करून पाहिला. आम्ही चौदाजणी. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपापल्या सासरचा आणि माहेरचा उतारा आणायचं ठरलंय. अमेरिकेचे कागद वाचता वाचता आमच्या लक्षात आलं, की आमच्यातल्या कितीतरी जणींनी स्वतःच्या घरचा सातबारा कधी हातात धरलेला नाही. मावशींनी मात्र त्यांचा आणलाय, पिशवीत घालून. त्यावरची तीन नावं त्या बोटानं दाखवतात.

तुमचे प्रश्न असतील तर रेडिओ केंद्रावर कळवा. आम्हाला जे ठाऊक नाही ते आम्ही वकीलबाईंना विचारून सांगू. आमच्या लेकीला बोलावणं आलं की तेही याच कार्यक्रमात सांगू. तोवर नमस्कार.